सिनाई पर्वतास जाणाऱ्या वाटा आणि जुनीं प्रवासवृत्तें

सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या सेंट कॅथेरिनच्या मठाचें नांव हस्तलिखितांचा नाद असलेल्या वाचकांस अपरिचित नसेल. ग्रीक, अरबी, सीरियाक, जॉर्जियन, स्लाव इत्यादि भाषांतील मिळून सुमारें ३,३०० हस्तलिखितें तेथें आहेत. या संग्रहाविषयीं लिहितांना एक विधान ठराविकपणें केलें जातें. तें असें कीं, मठ वाळवंटांतील दुर्गम डोंगरांत असल्यामुळें तेथें कोणी पोंचत नसे, आणि म्हणूनच ग्रंथ वांचले. हें विधान जसेंच्या तसें घेतल्यास एक अडचण उभी राहते. तेथें कोणीच पोंचत नसे तर इतक्या भाषांचे ग्रंथ तेथें आणले कोणीं, लिहिले कोणीं आणि वाचले कोणीं?

या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वीं वाटेंत शोधावें असें आमचें मत आहे. वाट कशी होती, कोठें पाणी होतें, कोणत्या ठिकाणीं पायउतार व्हावें लागे, कोणाच्या परवानगीनें पुढें जातां येई, या गोष्टी ज्यास ठाऊक नाहींत त्याच्या हातून जुनें प्रवासवृत्त वाचतांना चांगला साक्षीदार खोटा ठरण्याचा संभव फार. सिनाईच्या बाबतींत हा धोका अलीकडच्या डांबरी सडकेनें अधिकच वाढविला आहे. तो कसा, हें पुढें येईल.

सिनाईचें द्वीपकल्प सुएझ व अकाबा या दोन आखातांमध्यें त्रिकोणासारखें उतरलें आहे. उत्तरेस वाळूचा आणि चुनखडीच्या पठाराचा प्रदेश. दक्षिणेस ग्रॅनाइटाच्या उभ्या डोंगरांचा एकच दाट जुडगा. मठ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याच्या माथ्यावर जबल मूसा २,२८५ मीटर उंच उभा आहे, आणि त्याच्या शेजारचा जबल कातरीन २,६०० मीटरांच्याहि वर गेला आहे. या साऱ्या प्रदेशांत बारमाही नदी एकहि नाहीं. तेथील लोक ज्यास 'वादी' म्हणतात तें कोरडें नदीपात्र होय, आणि तेंच पात्र ही तेथील वाट. आपल्याकडे घाटाची वाट डोंगराच्या सोंडेवरून चढते व ओढा बाजूच्या घळींतून उतरतो. पावसांत वाटसरू ओढ्याच्या वरच्या अंगास असतो. सिनाईंत ओढा व वाट हीं दोन नाहींतच. त्यामुळें वाटेची अवस्था दर पुरानंतर बदलते. एका वर्षीं जेथें उंट रांगेनें सुखानें गेले तेथें दुसऱ्या वर्षीं छातीइतके गोटे येऊन पडलेले असतात, आणि ज्या झाडाखालीं मुक्काम केला तें झाडच राहिलेलें नसतें.

अशा भूमींत अंतर मैलांनीं मोजणें व्यर्थ आहे. मजल पाण्यानें ठरे. सुएझहून निघालेला तांडा पहिल्यानें 'उयून मूसा' या झऱ्यांपाशीं पखाली भरून घेई. तेथून पुढें समुद्राला धरून रुक्ष प्रदेश. मग हवारा येथें पाणी लागे, पण तें कडू. घरंदलच्या वादींत त्यापेक्षां बरें पाणी व थोडीं झुडपें मिळत. पुढें वाट समुद्र सोडून डोंगरांत शिरे आणि फैरानच्या खजुरीच्या बनांत येई. वाळवंटांतून आलेल्या माणसास फैरान म्हणजे स्वर्गच वाटे, असें बहुतेक सर्व प्रवासी सांगतात. सुएझपासून मठापर्यंतच्या या प्रवासास एकोणिसाव्या शतकांतील साधारण प्रवाशास आठनऊ दिवस लागत. यांत उंटाच्या चालीचा दोष थोडा व पाण्याच्या जागांचा अधिक.

फैरानच्या पुढें जो प्रकार आहे तो प्रवासवृत्तें वाचणारानें नीट ध्यानांत घ्यावा. येथून मठाकडे जाण्यास दोन वाटा आहेत. एक वादी सोलाफमधून सरळ पुढें येऊन 'नक्ब हवा' म्हणजे वाऱ्याची खिंड या नांवाच्या अरुंद, कातळांनीं भरलेल्या चढावरून जाते. दुसरी वादी अश्शेखच्या रुंद पात्रांतून ईशान्येकडे मोठा वळसा घेऊन त्याच ठिकाणीं येते. पहिली जवळची पण कठीण. दुसरी लांबची पण सोपी. त्यामुळें असा परिपाठ पडला होता कीं, जड सामान लादलेले उंट वादी अश्शेखनें पाठवावे व प्रवाशानें स्वतः वाटाड्या घेऊन, बहुतेक पायींच, नक्ब हवा चढावी. खिंडींत ठिकठिकाणीं जुन्या बांधीव पायवाटेच्या खुणा आहेत. म्हणजे ही कोणा हौशी प्रवाशानें काढलेली आडवाट नसून फार पूर्वींपासूनची राबती वाट आहे.

आतां नक्ब हवेच्या माथ्यावर आलेल्या माणसास काय दिसतें? दोन्ही बाजूंचे कडे एकाएकीं मागें सरतात, पुढें अर्राहाचें सपाट मैदान पसरतें, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकास पर्वताचा उभा कडा भिंतीसारखा उठलेला दिसतो. वादी अश्शेखनें येणाऱ्यास हा देखावा अशा रीतीनें दिसत नाहीं. तो बाजूनें येतो व मैदान त्याच्या दृष्टीस उशिरां आणि तुकड्यातुकड्यांनीं पडतें.

हा फरक दिसावयास किरकोळ आहे. पण त्यावर एका महत्त्वाच्या ग्रंथाची विश्वसनीयता अवलंबून आहे. इटलींतील अरेझ्झो येथें १८८४ सालीं गामुर्रिनी या विद्वानास अकराव्या शतकांतील एक लॅटिन हस्तलिखित सांपडलें, व तें १८८७ सालीं छापून निघालें. त्यांत एगेरिया नांवाच्या स्त्रीनें इ. स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास केलेल्या यात्रेचें वर्णन आहे. हस्तलिखिताचीं पहिलीं पानें गहाळ झालेलीं आहेत. मजकूर मध्येंच, वाक्याच्या ऐन पोटांत सुरू होतो. आणि योगायोग असा कीं, तो सुरू होतो त्याच क्षणीं बाई डोंगरांमधून चालत चालत एका अशा ठिकाणीं येतात कीं, जेथें डोंगर उघडतात, अफाट सपाट दरी समोर येते व पलीकडे देवाचा पर्वत दिसतो. हें वर्णन नक्ब हवेचें आहे याविषयीं जाणत्यांत फारसा मतभेद नाहीं. १८३८ सालीं अमेरिकन विद्वान एडवर्ड रॉबिन्सन याच खिंडीनें आला, आणि त्याच मैदानाच्या दर्शनानें त्याचें पर्वताविषयींचें सारें मत बनलें. दोघांमध्यें साडेचौदा शतकांचें अंतर. पण पायाखालची वाट एक, म्हणून साक्षहि एक.

आज मोटारीनें जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. फैरानकडून येणारी डांबरी सडक नक्ब हवेनें जात नाहीं. सडक बांधणारांनीं साहजिकच चढाची वाट टाळून वादी अश्शेखची वाट धरली, म्हणजे पूर्वीं सामानाचे उंट ज्या वाटेनें जात त्या वाटेनें आज माणसें जातात. असा प्रवासी एगेरियेचें पुस्तक मांडीवर घेऊन बसला तर त्यास वर्णन जुळत नाहीं असें वाटेल, आणि बाईंनीं अतिशयोक्ति केली किंवा मागाहून कोणी भर घातली अशी शंका तो काढील. दोष बाईंचा नाहीं व नकलकाराचाहि नाहीं. दोष सडकेचा आहे.

एगेरियेच्या सांगण्यांत आणखी दोन गोष्टी वाटेच्या दृष्टीनें मोलाच्या आहेत. समुद्रकांठच्या प्रदेशाविषयीं ती सांगते कीं, तेथें वाट म्हणून कांहीं नाहींच, सारी वाळू आहे. फारानचे लोक जागोजाग आपल्यापुरत्या खुणा करून ठेवतात, दिवसा त्या खुणांच्या रोखानें चालतात, आणि रात्रीं खुणा माणसांना दिसल्या नाहींत तरी उंटांना कळतात. दुसरी गोष्ट पर्वताच्या चढाची. गोगलगाईच्या शंखाप्रमाणें वळसे घेत चढतां येत नाहीं, भिंतीवर चढावें तसें सरळ चढून तितकेंच सरळ उतरावें लागतें, आणि खुर्चींत बसून जाण्याची सोय नसल्यामुळें आपण पायींच गेलों, असें ती लिहिते. रविवारीं पहाटे निघून दिवसाच्या चौथ्या तासास, म्हणजे आपल्या गणनेनें सकाळीं दहाच्या सुमारास, ती माथ्यावर होती. श्रमांचा उल्लेख ती करते, तक्रार मात्र करीत नाहीं.

आज जबल मूसावर जाण्यास दोन मार्ग आहेत, आणि त्यांपैकीं एकहि एगेरियेच्या वेळीं नव्हता असें मानण्यास कारण आहे. पहिला पायऱ्यांचा. मठाच्या मागील घळींतून दगडी पायऱ्या थेट वर जातात. त्यांची परंपरागत संख्या ३,७५० सांगतात. कोणा संन्याशानें प्रायश्चित्त म्हणून त्या रचल्या अशी कथा आहे. वाटेंत दगडी कमानी आहेत. त्यांपैकीं एकीखालीं स्टीफन नांवाचा साधु बसून वर जाणाराकडून पापाची कबुली घेई असें सांगतात. दुसरा मार्ग उंटवाटेचा. इजिप्तचा सुभेदार अब्बास पाशा (कारकीर्द १८४८ ते १८५४) यास या डोंगरांच्या हवेची फार आवड. त्यानें जवळच्या एका शिखरावर वाडा बांधावयास काढला व त्याच्याच अमदानींत ही वळणावळणाची वाट तयार झाली. १८५४ सालीं तो मेला, वाडा भिंतींपुरता राहिला, आणि वाट मात्र टिकली; बेदुईन लोक आजहि तिला 'पाशाची वाट' म्हणतात. ही वाट माथ्याच्या खालीं शेवटच्या सुमारें ७५० पायऱ्यांना येऊन मिळते. तेथून पुढें उंट जात नाहीं; पाशा असो वा यात्रेकरू, पायांवरच भिस्त.

कागदपत्रें तपासणारास यांतून एक उपयोगी कसोटी मिळते. तारीख नसलेल्या एखाद्या रोजनिशींत जबल मूसाचा बराचसा चढ उंटावरून केल्याचें लिहिलें असेल तर तें लिखाण अब्बास पाशाच्या नंतरचें धरण्यास हरकत नाहीं. उलट, मठाच्या भिंतींतील उंचावरच्या खिडकींतून दोरानें ओढून वर घेतल्याचें वर्णन असेल तर तें बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचें असावें. त्या काळापर्यंत मठाचा मोठा दरवाजा चिणलेला असे, आणि माणूस, पत्र, पिठाचें पोतें, सर्व कांहीं रहाटानें वर चढे. १८१६ सालीं आलेला बर्कहार्ट याचीहि तीच गत झाली.

वाटेचा दुसरा दस्तऐवज कातळांवरच कोरलेला आहे. फैरानच्या अलीकडे 'वादी मुकत्तब' म्हणजे लिहिलेली दरी लागते. तिच्या दोन्ही अंगांच्या खडकांवर शेंकडों लेख आहेत. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस, ज्यास पुढें 'भारतयात्री' असें नांव पडलें, या भागांतून पायीं गेला होता. हे लेख मोशेबरोबर निघालेल्या इस्राएल लोकांचे असें त्यास वाटलें, आणि ही समजूत तेराशें वर्षें चालली. १८४० सालीं लाइपझिगच्या बेअर या विद्वानानें लिपी उलगडली, तेव्हां लेख नबाती निघाले. बहुतेक इसवी सनाच्या दुसऱ्यातिसऱ्या शतकांतले. मजकूर अगदीं साधा: अमका, अमक्याचा मुलगा, कुशल असो. उंटांबरोबर चालणाऱ्या माणसांनीं सावलींत बसल्या बसल्या खोदलेला. लेख जेथें दाट आहेत तेथें दुपारची सावली किंवा मुक्कामाची जागा असावयाचीच. लेखांचा नकाशा काढला तर तोच वाटेचा नकाशा होतो. आमच्या नाणेघाटांतहि खिंडीच्या तोंडाशीं लेख व पाण्याचीं टांकीं एकत्र आहेत, तें उगीच नव्हे; ज्यानें वाट राखली त्यानें तेथें पाणी ठेवलें व नांवहि ठेवलें.

नाणेघाटाचें नांव आलेंच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. याच कॉस्मसानें आपल्या 'ख्रिस्ती भूवर्णन' या ग्रंथांत 'कल्लियाना' या बंदराचा उल्लेख केला असून तेथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें म्हटलें आहे. हें कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळचें आपलें कल्याण असें पुष्कळ विद्वान मानतात. त्या ग्रंथाच्या ज्या तीन प्रमुख हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत त्यांपैकीं अकराव्या शतकांतील एक सचित्र प्रत सिनाईच्या याच मठांत आहे. दुसऱ्या दोन रोमच्या व्हॅटिकनमध्यें व फ्लॉरेन्स येथें. कल्याणचें नांव असलेला एक ग्रंथ नक्ब हवेपलीकडच्या डोंगरांत शतकानुशतकें पडून आहे ही गोष्ट महाराष्ट्रीय संशोधकास तरी कुतूहलाची वाटावी.

वाट, पाणी आणि खुणा इतक्यानें प्रवेश मिळत नसे. माणसाची संमति लागे. दक्षिण सिनाईंत निरनिराळ्या बेदुईन जमातींच्या हद्दी ठरलेल्या असत. प्रवाशास उंट पुरविण्याचा, वाटाड्या देण्याचा व त्याचें रक्षण करण्याचा हक्क ज्या त्या जमातीकडे असे; मठाचे रक्षक म्हणून मानलेल्या घराण्यांस 'गफीर' म्हणत. मठाच्या भोंवतालच्या डोंगरांत जबालिया जमातीचा वाटाड्या घ्यावा लागे. सम्राट जस्टिनियन यानें मठाच्या सेवेसाठीं जीं कुटुंबें पाठविलीं त्यांचे आपण वंशज, अशी या जमातीची परंपरा आहे, आणि दहाव्या शतकांतील युटिकियस या अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षाच्या इतिहासांतहि तशी हकीकत आहे. खुद्द मठाचा काळ मात्र दंतकथेवर सोडण्याची गरज नाहीं. चर्चच्या छपराच्या तुळयांवर लेख कोरलेले आहेत. त्यांत जस्टिनियन जिवंत आहे व सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत आहे. ती वारली ५४८ सालीं व तो ५६५ सालीं, म्हणून इमारत या दोन सालांच्या दरम्यानची. शिल्पकाराचें नांव स्टीफन, गांव आयला, म्हणजे आजचें अकाबा. सहाव्या शतकांत अकाब्याहून कारागीर येऊन या डोंगरांत काम करून जातो, यावरून पूर्वेकडचीहि वाट चालू होती हें उघड आहे.

१८६८-६९ मध्यें ब्रिटिश लष्करी मोजणीखात्यानें या भागाची पाहणी केली. विल्सन व पामर हे दोघे कप्तान मोजणीस, आणि स्थलनांवें बेदुइनांच्या तोंडून अचूक टिपून घेण्यासाठीं केंब्रिजचा अरबी पंडित ई. एच. पामर, अशी मंडळी होती. नांवें टिपण्यासाठीं स्वतंत्र पंडित नेमावा हें त्या खात्यास सुचलें ही मोठीच गोष्ट. नांवांत वाटेचें ज्ञान सांठविलेलें असतें. 'नक्ब' म्हटलें कीं चढाची खिंड, 'ऐन' म्हटलें कीं झरा, 'बीर' म्हटलें कीं विहीर; नांव चुकलें तर पाणी चुकलें. याच पंडित पामराचा पुढें १८८२ सालीं, एका राजकीय कामगिरीवर असतां, दोन सोबत्यांसह याच द्वीपकल्पांतील वादी सद्र येथें वध झाला. जमातींच्या हद्दी व हक्क हा केवळ रीतिरिवाजाचा भाग नव्हता.

पुराविषयीं वर सांगितलें, पण तो किती भयंकर असतो याची कल्पना कोरड्या पात्राकडे पाहून येत नाहीं. पाहणीतील एक सभासद एफ. डब्ल्यू. हॉलंड हा डिसेंबर १८६७ मध्यें याच फैरान-सोलाफच्या खोऱ्यांत असतां त्यानें असा पूर स्वतः पाहिला. डोंगरांत वळवाचा पाऊस पडला. कांहीं वेळापूर्वीं ज्या पात्रांतून माणसें चालत होतीं तें कडेपासून कडेपर्यंत भरून वाहूं लागलें. बेदुइनांचा एक पडाव माणसांजनावरांसकट वाहून गेला आणि खजुरीचीं झाडें मुळासकट उपटून खालीं आलीं. डोंगर नागडे, माती नाहीं, गवत नाहीं. पडलेला थेंबन्‌थेंब पात्रांत उतरतो. म्हणून तेथील जाणता माणूस पात्राच्या मधोमध तंबू कधीं ठोकीत नाहीं, आणि आभाळ वर आपल्या डोक्यावर स्वच्छ असलें तरी दूरच्या शिखरांकडे पाहून मग निघतो.

आतां ग्रंथांकडे वळूं. वाट अशी होती हें समजल्यावर आरंभींच्या विधानाचा निकाल लावतां येतो. कोणी पोंचत नसे हें खोटें. वाट कठीण होती, पण बंद नव्हती; तिनें गाळणीचें काम केलें. दहावीस जणांची टोळी, तिचे उंट व पखाली यांना ती वाट पुरे. मोठ्या सैन्याला पुरेल इतकें पाणी तिच्यावर नाहीं, आणि गाड्यांना ती नव्हतीच. म्हणून यात्रेकरू, संन्यासी व नकलकार शेंकडों वर्षें येत राहिले आणि लुटारू फौज आली नाहीं. कोरड्या हवेनें कागद व चर्मपत्रें राखलीं, हें त्याच्या जोडीस आहेच.

वाट माहितगारास किती जवळची होती याचा पुरावा प्रसिद्ध सिनाई बायबलाच्या हकीकतींतच आहे. टिशेनडॉर्फ यानें १८४४ सालीं त्यांतील ४३ पानें लाइपझिगला नेलीं. १८५३ सालीं तो पुन्हां आला व हात हालवीत गेला. तिसऱ्या खेपेस, ४ फेब्रुवारी १८५९ रोजीं, उरलेला मोठा भाग त्यानें मठांत पाहिला. मठाचे प्रमुख त्या वेळीं कैरोंत होते. म्हणून तो कैरोस गेला, त्यांची संमति मिळवली, तेथून एक बेदुईन सांडणीस्वार मठाकडे धाडला गेला, आणि २४ फेब्रुवारीस हस्तलिखित कैरोंत टिशेनडॉर्फच्या हातांत होतें. म्हणजे पंडिताचें जाणें, संमतीची बोलणीं, स्वाराचें जाणें व येणें, हें सर्व वीस दिवसांत झालें. सामान, तंबू व आचारी घेऊन निघालेल्या प्रवाशास जेथें नुसतें सुएझहून एका बाजूस आठनऊ दिवस लागत तेथें पाण्याच्या जागा ओळखणारा एकटा स्वार किती लवकर जाई हें यावरून दिसेल. त्या ग्रंथाचीं ३४७ पानें पुढें रशियांत गेलीं व १९३३ सालीं सोव्हिएट सरकारनें तीं एक लाख पौंडांस ब्रिटिश म्यूझियमला विकलीं. मठाच्या मनांत हा सल अजून आहे, आणि तो अकारण आहे असें म्हणवत नाहीं. कठीण वाट परचक्र थांबवते. एका विद्वानाच्या पेटीस ती आडवी येत नाहीं.

त्यानंतर आलेल्यांत ॲग्नेस लुई व मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींचें उदाहरण आम्हांस अधिक अनुकरणीय वाटतें. १८९२ सालीं त्या सुएझहून उंटांवरून मठांत गेल्या. प्राचीन सीरियाक शुभवर्तमानांची, मूळ मजकूर खरवडून पुन्हां लिहिलेली पोथी त्यांनीं ओळखली, आणि पानें न उचलतां तीं छायाचित्रांत घेतलीं. दुसऱ्या वर्षीं जाणत्या विद्वानांस घेऊन त्या परत गेल्या. उंटाच्या पाठीवर कॅमेरा व कांचसामान नेण्याची दगदग ज्यास कळेल त्यालाच या कामाची किंमत कळेल. १९५० सालीं अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या वतीनें मोटारींतून यंत्रसामग्री नेऊन १,६८७ हस्तलिखितांचें सूक्ष्मचित्रण झालें. १९७५ सालीं मठाच्याच एका पडिक कोठडींत गाडली गेलेलीं बरींच पानें निघालीं. त्यांत सिनाई बायबलाचीं बारा पानें व तुकडे होते. हा शेवटचा शोध लावण्यास कोणत्याहि वाटेनें कोणी यावें लागलें नाहीं!

आजची स्थिति थोडक्यांत सांगतों. सुएझ कालव्याखालून अहमद हमदी बोगदा झाल्यापासून कैरोहून मठ मोटारीनें एका दिवसाचा झाला आहे. पूर्वेकडे अकाबाच्या आखातावरील दहब व नुवैबा या गांवांकडूनहि डांबरी सडक येते. सडकेवर लष्करी व पोलिसी चौक्या आहेत. एप्रिल १९१७ नव्हे, २०१७ सालीं मठाजवळच्या अशा एका चौकीवर हल्ला होऊन एक शिपाई मारला गेला, तेव्हांपासून तपासणी कडक आहे. पाऊस झाला कीं ही सडकहि पात्रांत असल्यामुळें ठिकठिकाणीं खचते व वाळूखालीं जाते. सडक सोडून बाजूच्या वाद्यांत शिरावयाचें तर चारहि चाकांस जोर असलेली मोटार व स्थानिक हांकणारा पाहिजे. त्याच्याहि पुढें उंट, आणि शेवटीं पाय. डोंगरांत वाटाड्यावांचून जाऊं देत नाहींत.

जमातींची जुनी व्यवस्था पुसली गेली असें समजूं नये. २०१५ सालीं तीन बेदुईन जमातींनीं मिळून सुमारें २२० किलोमीटरांची 'सिनाई पायवाट' आंखली. २०१८ पर्यंत ती आठ जमातींच्या प्रदेशांतून ५५० किलोमीटर झाली. तींत प्रत्येक जमातीचा वाटाड्या आपल्या हद्दीपर्यंत नेतो व पुढच्याच्या स्वाधीन करतो. बर्कहार्टनें वर्णिलेल्या व्यवस्थेशीं याचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल. दुसऱ्या बाजूनें, १९८८ सालीं संरक्षित ठरलेल्या व २००२ सालीं जागतिक वारशांत गणलेल्या या भागांत इजिप्त सरकारनें २०२० नंतर उपाहारगृहें, वसतिगृहें व रुंद सडका यांची मोठी योजना हातीं घेतली असून तिचें बांधकाम अर्राहाच्या मैदानापर्यंत आलें आहे. एगेरियेनें ज्या मैदानाच्या दर्शनापासून आपल्या उपलब्ध मजकुरास सुरुवात केली तें मैदान आहे तसें फार दिवस राहील असें दिसत नाहीं.

म्हणून जो कोणी अभ्यासक तिकडे जाईल त्यास आमची सूचना अशी: वसंतांत किंवा शरदांत जावें, हिवाळ्यांत शिखरांवर बर्फ पडतें. ग्रंथालयाची परवानगी आधीं पत्रानें घ्यावी. मठ यात्रेकरूंस सकाळच्या थोड्या तासांपुरताच खुला असतो. मोटार वादी सोलाफच्या तोंडाशीं सोडावी, सामान सडकेनें पुढें पाठवावें, आणि जबालिया वाटाड्या घेऊन नक्ब हवा पायीं चढावी. चढतांना किती वेळ लागला, बांधीव वाटेच्या खुणा कोठें कोठें आहेत, पाणी कोठें मिळालें, आणि पंडित पामराच्या यादींतील कोणतीं नांवें वाटाड्याच्या तोंडीं अजून आहेत, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. त्याचप्रमाणें कोणाच्या संग्रहीं सुएझहून या डोंगरांत गेलेल्या प्रवाशाची हस्तलिखित रोजनिशी असल्यास तींतील मुक्कामांची व पाण्याच्या जागांची नक्कल मंडळाकडे पाठवावी.